तिच्या वहीतलं माझं उत्तर

"पाठ करा."

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. या नाही, बसा नाही — नुसतं, पाठ करा.

औषधांच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने मी धापा टाकत वर आले होते. पडदा सरकवला, तर समोर उंच स्टुलावर एक धिप्पाड माणूस बसलेला. मांडीवर फाइल, कानामागे पेन्सिल. आणि त्याच्यापुढे जुन्या पद्धतीचा, लोखंडी पाटाचा मोठा वजनकाटा.

"म्हणजे?"

"तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. आकडा तुम्ही पाहायचा नाही. मी पाहतो, लिहितो, ताईंना देतो."

"आणि आपण कोण?"

"काटे दुरुस्त करतो."

"मग दुरुस्त करा की. माझं वजन कशाला पाहता?"

त्याने यावर खरोखरच विचार केला. "हेच मीही ताईंना विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाल्या, तुमच्या तोंडावर काही दिसत नाही, म्हणून."

आणि दिसत नव्हतंच. मी चढले. काटा कुरकुरला. मी भिंतीवरचा सुटलेला पोपडा पाहत उभी राहिले आणि कान टवकारले — एखादा सुस्कारा, एखादं खाकरणं... काही नाही. कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला, तेवढाच.

"झालं. सावकाश उतरा. उजवीकडे पायरी आहे."

आई गेल्यापासून मला कोणी सावकाश म्हटलं नव्हतं.

मी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात कुठला विषय कुठल्या पानावर याची यादी असते ना, ती. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची आणि शब्द रांगेत लावायचे. आईच्या आजारपणात आणि ती गेल्यानंतर माझं वजन चौदा किलोंनी वाढलं. डॉक्टर म्हणाले, गुडघे कुरकुरायला लागलेत, साखरही उंबरठ्यावर आहे, आता तरी ऐका. आणि त्यांनी या गटाचा पत्ता दिला.

गट चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की काय खावं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आडवं येतं ते डोकं. 'एक बिस्कीट खाल्लं, दिवस वायाच गेला, मग पुडाच संपवू.' 'आज साहेब ओरडले, मला काहीतरी गोड मिळालंच पाहिजे.' 'सोमवारपासून नक्की.' ही वाक्यं पकडायची, वहीत लिहायची. पानावर तीन रकाने: 'मनात आलं', 'खरंच का?' आणि 'मग काय?' पहिले दोन आपण भरायचे. तिसरा मात्र जोडीदाराने. एका गुरुवारी वह्यांची अदलाबदल व्हायची आणि पुढच्या गुरुवारी त्या उत्तरासकट परत मिळायच्या.

"स्वतःच्या विचाराला स्वतःच उत्तर देणं म्हणजे आपले केस आपणच कापणं," ताई म्हणायच्या. "मागचं दिसत नाही."

आणखी एक नियम होता. नाव आणि वजन दाराबाहेर ठेवायचं. आत प्रत्येकाला गटाने दिलेलं नाव. मी सूचीबाई झाले. निवृत्त पोस्टमास्तर पोस्टकाका झाले. आणि पडद्याआडचा तो माणूस गटात नव्हता तरी त्यालाही नाव पडलंच — तोळामासा. वीस किलोचं लोखंडी वजन एका हाताने उचलायचा, पण शब्द मात्र तोळ्यामाशाने मोजून द्यायचा.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकते. तिसऱ्या गुरुवारपर्यंत मला तो आवडायला लागला होता.

आम्ही बोलायचो ते एवढंच —

"आज बूट काढले नाहीत?"

"बुटांचं वजन तुम्ही वजा करा. तुमचाच धंदा आहे."

"किती करू?"

"तुम्हाला योग्य वाटेल तेवढं. सढळ हाताने."

"सढळ हात आमच्यात चालत नाही. नोकरी जाते."

हे तो भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माझ्या पाठीला सांगायचा. त्याचा चेहरा मला दिसायचा नाही. पण आवाजात कुठेतरी, अगदी तळाशी, एक मऊ जागा होती. ती ऐकण्यासाठी मी बुधवारपासून वाट पाहायचे... आणि बुधवारी संध्याकाळी कमी जेवायचे, हेही खरं.

मी ठरवलं, दहा किलो कमी झाले की त्याच्याशी बोलायचं. आत्ता नाही. आत्ताच्या मला कोण हो म्हणणार? आणि तो तर नाहीच, कारण डॉक्टर सोडले तर जगात माझा आकडा ठाऊक असलेला तो एकमेव पुरुष. हा विचार मी वहीत कधी लिहिला नाही. लिहिला असता तर ताईंनी लाल पेनाने गोल केला असता.

पाचव्या गुरुवारी मासोळी आली.

ती पोहणं शिकवायची. लांब हात, सरळ मान, ओले केस, अंगाला तरण तलावाच्या औषधाचा वास. शर्यतीत पोहायची पूर्वी, खांदा दुखावला, शर्यती सुटल्या, आणि आता, तीच म्हणाली, "चोरून खाते आणि मग उपाशी राहते. कधी हे, कधी ते." माझ्या डोळ्यांना तिच्या अंगावर काढून टाकण्यासारखं काही दिसत नव्हतं. हिचं इथे कामच काय, असं माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"इथे जाड-बारीक असं काही नसतं, सूचीबाई," ताई म्हणाल्या. "कटकट सगळ्यांच्या डोक्यात तीच." आणि दुष्ट योग असा, की माझी जोडीदारीण तेव्हाच गट सोडून गेली होती. "तुम्ही दोघी आता जोडी."

पोस्टकाका खुशीत म्हणाले, "आतली मासोळी, बाहेरचा तोळामासा! नावंसुद्धा काय जुळलीत."

सगळे हसले. मीही हसले. काकांना त्यांच्या सगळ्या पत्रांसकट पेटीत टाकून कुलूप लावावं, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून माझी एक नवी सूची सुरू झाली. ती मी मागितली नव्हती. डोकं आपोआप करत होतं. मासोळी: केस ओले, तारीख अमुक. मासोळी: पडद्याआड किती वेळ, दोन मिनिटं. मासोळी: पडद्याआड, पुन्हा, साडेतीन मिनिटं. मला एक मिनिट लागायचं. मग हिला साडेतीन का? हिच्यावर असं कुठलं जास्तीचं वजन होतं?

मत्सर मी पुस्तकांत भरपूर वाचला होता. त्यात तो हिरवा असतो, सर्पासारखा असतो, असं काय काय असतं. प्रत्यक्षात तो भुकेसारखा असतो. पोटात, बरगड्यांच्या खाली. मी ऑफिसमधून घरी येऊन फडताळ उघडायचे आणि उभ्या उभ्या खायचे, आणि खाऊन झाल्यावरही तो तिथेच असायचा.

मग तो गुरुवार आला. मी पडद्याबाहेर बाकावर बसून चपलेचा पट्टा सोडवत होते. आत मासोळी काट्यावर होती.

"अहो, केस ओले आहेत," तिचा आवाज आला. "अर्धा किलो पाण्याचा वजा करा हं. तलावाचा आहे, परत करायचाय."

आणि तो हसला.

मोठ्याने नव्हे. घशातल्या घशात, अचानक, धरून ठेवलेलं निसटावं तसा. ज्याच्या तोंडावर काही दिसत नाही म्हणून ज्याला तिथे बसवलं होतं, तो माणूस हसला. मी इतके गुरुवार बोलत होते, बुटांचं, सढळ हाताचं... मला एकदाही ते मिळालं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी काही बोलले नाही. त्याने विचारलं, "बरं नाही का?"

"तुम्ही आकडा लिहा," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्या वह्यांची अदलाबदल झाली.

त्या आठवड्याच्या पानावर मी, का कोण जाणे, एक खरी गोष्ट लिहिली होती. आईला शेवटच्या महिन्यांत जेवण जात नव्हतं. मी ताट घेऊन बसायचे, ती दोन घास खायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. "तू खा. तू खाल्लंस की मला खाल्ल्यासारखं वाटतं." म्हणून मी खायचे. माझं जेवण झालेलं असलं तरी खायचे, ती उशीवरून पाहत राहायची, आणि तिचा चेहरा खरंच थोडा भरल्यासारखा दिसायचा. 'मनात आलं'च्या रकान्यात मी लिहिलं होतं: मी कमी खाल्लं तर आई उपाशी राहील. 'खरंच का?'मध्ये: नाही. ती नाही, मला माहीत आहे. तरी हात थांबत नाही.

हे पान मी त्या बाईच्या हातात दिलं, जिच्या केसांच्या पाण्यावर तो हसला होता.

आणि घरी येऊन तिची वही उघडली. अक्षर मोठं, ओळी वरखाली. ताजं पान त्याच दिवशीचं, गट संपता संपता घाईत लिहिलेलं.

मनात आलं: 'आज काट्यावर तो हसला. मागच्या खेपेला हसला नव्हता. म्हणजे आकडा खाली आला असणार. म्हणजे आकडा खाली असला, की मी माणसांना आवडते.'

खरंच का?: 'माहीत नाही. तसंच असावं.'

मग काय?: कोरं. माझ्यासाठी.

मला उत्तर ठाऊक होतं. जगात फक्त मला ठाऊक होतं, कारण मी बाहेर बसून ऐकलं होतं. अगं, तू पाण्याचं बोललीस म्हणून हसला. आकड्याचा काय संबंध? एवढी एक ओळ. दहा वर्षं मी लोकांना सांगत आले आहे की कुठली गोष्ट कुठल्या पानावर आहे. हे पान माझ्यासमोर उघडं होतं.

मी पेन उचललं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: खरं आहे.

दोनच शब्द. सुवाच्य अक्षरात. मग मी वही बंद केली, पाव भाजला, त्यावर लोणी लावलं, आणखी एक भाजला. चार झाल्यावर मोजणं सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी वह्या परत आल्या. तिने माझी वही देताना माझा हात क्षणभर धरला, काहीतरी बोलणार होती — पण ताईंनी टाळी वाजवली आणि आम्ही बसलो. तिने आपली वही पिशवीत घातली. मला वाटलं, मागून घ्यावी. एका मिनिटासाठी दे म्हणावं, पान फाडावं. मी पिशवीकडे पाहत राहिले, एवढंच.

घरी येऊन माझी वही उघडली. तिसऱ्या रकान्यात तिचं मोठं, वाकडं अक्षर मावलं नव्हतं. ते समासात गेलं होतं, मग पानाच्या मागच्या बाजूला.

'मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. पण मला वाटतं, तुझ्या आईला ताट संपायला नको होतं, तू समोर बसायला हवी होतीस. ताट संपलं की तू उठणार, म्हणून ती हळूहळू सरकवत असेल. आता तिला भूक लागत नाही गं. ती उपाशी नाही. तू पोटभर जेव आणि पोट भरलं की थांब. ती रागावणार नाही. मी तिला ओळखत नाही, पण तू जशी लिहितेस त्यावरून नाही रागावणार.'

मी ते वाचलं. आई गेल्यावर घरी खूप माणसं येऊन गेली होती, चांगली चांगली वाक्यं बोलून गेली होती. ताट संपलं की तू उठणार — हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

मग मला तिच्या वहीतले माझे दोन शब्द आठवले.

शुक्रवार गेला. शनिवारी मी तरण तलावापर्यंत गेले आणि फाटकावरून परत आले. रविवारी तलाव बंद. सोमवारी ऑफिसातून अर्धी रजा काढली.

तलावावर दुपारचा वर्ग चालू होता. सात-आठ म्हाताऱ्या बाया रंगीबेरंगी टोप्या घालून कठडा धरून पाण्यात पाय मारत होत्या, आणि काठावर मासोळी शिटी वाजवत ओरडत होती, "आजी, पाय मारा, पाय! भांडी नाही घासायची!"

मला पाहून तिने शिटी तोंडातून काढली. "काय गं सूचीबाई! उडी मारायला आलीस?"

"बोलायचंय."

"बोल. पण बसून बोलू. मला जरा..." ती बाकावर बसली ती जवळजवळ पडलीच. ओठ पांढरे पडले होते.

"जेवलीस का तू?"

"काकडी. आणि कॉफी." तिने हाताने उडवून लावलं. "तीन-चार दिवस चाललंय. होईल सवय. तूच लिहिलंस ना, खरं आहे म्हणून? मला आपली शंका होती. म्हटलं, ही एवढी वाचलेली बाई, ही उगाच लिहायची नाही."

"ते खोटं आहे."

"काय?"

"मी लिहिलं ते. मी बाहेर बसले होते, मी ऐकलं होतं. तू केसांतल्या पाण्याचं बोललीस, तलावाला परत करायचंय म्हणालीस, म्हणून तो हसला. तुझ्या बोलण्याला हसला. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "का?"

"मला तुझा मत्सर वाटला."

"माझा?" तिने खाली आपल्या मांड्यांकडे पाहिलं, जणू तिथे काही नवीन आलं आहे. "कशासाठी?"

"त्याने तुझ्यासाठी हसावं, यासाठी."

पाण्यातून एक आजी ओरडली, "बाई, बाहेर येऊ का गं? गारठलो!"

"अजून दोन फेऱ्या!" ही मान न वळवता ओरडली. मग मला, हळू आवाजात, "कधीपासून?"

"तिसऱ्या गुरुवारपासून. म्हणजे... पहिल्याच."

"त्याला माहितीये?"

"नाही. दहा किलो कमी झाले की सांगायचं ठरवलंय."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे मी आकडा खाली राहावा म्हणून उपाशी. आणि तू आकडा खाली येईपर्यंत मुकी. वा! एकाच बाकावरच्या की गं आपण दोघी. ताईंचं नाव काढणार."

मी पाण्यात पाय मारणाऱ्या आजींकडे पाहिलं.

"मला राग आलाय तुझा," ती म्हणाली. "चांगला आलाय. तुझं ते आईचं पान मी इथे, ह्याच बाकावर बसून वाचलं. रडले. आजींनी विचारलं, काय झालं गं. आणि तू तिकडे बसून माझ्या वहीत..." पुढचं तिने सोडून दिलं. तिने मला पाण्यात ढकललं असतं तर बरं झालं असतं.

कोपऱ्यात छोटं उपाहारगृह होतं. मी उठले आणि पाव, दोन उकडलेली अंडी आणि गरम सूप घेऊन आले. ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे प्रायश्चित्त का?"

"हे जेवण आहे. खा."

तिने ताटाकडे पाहिलं, मग एक अंडं माझ्याकडे सरकवलं. "तू पण घे. एकटीला जात नाही मला."

माझा हात पुढे झाला होता. सवयीने झाला होता. मी तो परत मांडीवर ठेवला.

"मला भूक नाहीये," मी म्हणाले. "तू खा. मी बसते. संपलं तरी बसते."

ती खायला लागली. हळूहळू, मग भराभर. मी बसून राहिले. म्हाताऱ्या बाया एकीमागून एक कुडकुडत बाहेर आल्या, आमच्याकडे पाहून गेल्या. ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले आणि वाळले. मी खरंच काही खाल्लं नाही आणि कोणीही उपाशी राहिलं नाही.

सूप संपवून तिने तोंड पुसलं. "आता ऐक. मी काही संतबिंत नाही. मलाही तो आवडतो. या गुरुवारी मी त्याला सरळ विचारणार, चल माझ्याबरोबर कॉफी प्यायला. तुला बोलायचं असेल तर माझ्या आधी बोल. पावणेसहाला येते मी. त्याच्या आधी एक मिनिट नाही, नंतर एक मिनिट नाही."

"तू मला वेळ का देतेस?"

"तुला नाही देत. तू आपली वाट पाहत बसशील दहा किलोंची, आणि मग आयुष्यभर माझ्याकडे अशी बघत राहशील. मला नाही चालायचं. जोडीदारीण आहेस तू माझी."

गुरुवारी सव्वापाचला मी जिना चढले. तो एकटाच होता, पाटावर लोखंडी वजनं ठेवून काटा तपासत होता. शेवटचं वजन काढलं, हात झटकले, स्टुलावर बसला. मी चढले. भिंतीकडे तोंड केलं. आकडा किती होता कुणास ठाऊक. गेल्या पंधरवड्यातल्या पावांकडे पाहता खाली नक्कीच नव्हता.

"मला एक सांगायचंय," मी पोपड्याला म्हणाले. "हे मी वजन कमी झाल्यावर सांगणार होते. पण मग ते वजनाने सांगितल्यासारखं होईल, मी सांगितल्यासारखं नाही. मला तुम्ही आवडता. गुरुवार आवडतो, तो तुमच्यामुळे. तुम्ही दुसऱ्या कुणासाठी हसलात तेव्हा मी एक अतिशय वाईट काम केलं, तेही कधीतरी सांगेन. एवढंच."

मग पेन्सिलचा आवाज. थांबला. पुन्हा पेन्सिल. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा पेन्सिल.

"झालं," तो म्हणाला. "उतरा."

सावकाशसुद्धा नाही!

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. पोस्टकाका शेजारी बसून त्यांच्या चोरून खाल्लेल्या केकची हकिगत सांगत होते, मी मान डोलावत होते. पावणेसहाला जिन्यावर तिची पावलं वाजली. पडदा सरकला. मग तिचा आवाज — बारीक, शब्द कळत नव्हते. मग त्याचा. मग तिचा. एक मिनिट. दोन. साडेतीन. चार! माझ्या पोटातली ती भूक बरगड्यांपर्यंत चढली. सांगून टाकलं की मत्सर जातो, असं कुठल्यातरी पुस्तकात मी वाचलं होतं. त्या लेखकाला भेटायचं आहे मला.

पडदा सरकला आणि तो आत आला. गटाच्या खोलीत तो कधी आला नव्हता. हातात फाइल.

"ताई, पुढच्या गुरुवारपासून काट्यावर दुसरं कोणीतरी बघा."

"का हो? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही." त्याने शब्द शोधले, एकेक ठेवला. "तुम्ही मला बसवलंत ते तोंडावर काही दिसत नाही म्हणून. आता दिसायला लागलंय. आज एका बाईंचा आकडा मी तीनदा लिहिला. दोनदा चुकला. काटा असा एका बाजूला झुकायला लागला, की आम्ही तो कामावरून काढतो. नियम आहे."

"अरे वा!" पोस्टकाका उठूनच उभे राहिले. "अहो, पण कोण बाई? पाकिटावर पत्ता नको का?"

"काका, बसा," ताई म्हणाल्या; पण त्याही मान वळवून पाहत होत्या.

त्याच्या मागून मासोळी आत आली. तिचा चेहरा लाल होता. झालं, मी मनात म्हटलं. हीच. आत्ताच हिचं वजन करून आलाय. चार मिनिटं. तीनदा लिहिला, कारण ही समोर — माझं डोकं भराभर पानं उलटत होतं, पुरावा जमवत होतं, आणि प्रत्येक पानावर तीच.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. समोर पाहत, ओठ न हलवता म्हणाली, "विचारलं मी. नको म्हणाला. फार नीट म्हणाला, त्याचाच राग येतोय."

"मग चार मिनिटं...?"

"तू मोजत होतीस?" तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते आणि तरी तिला हसू आवरत नव्हतं. "रडत होते मी, बाई! तो रुमाल शोधत होता. ऊठ आता. तो जिना उतरेल. ऊठ, नाहीतर मी तुला खुर्चीसकट ढकलीन."

मी उठले. तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला, मग परत एकदा क्षणभर धरला.

तो खाली पोचला होता. औषधांच्या दुकानाच्या पायरीशी, वजनांची पेटी खाली ठेवून उभा. रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ, दुकानाच्या काचेत आमची दोघांची प्रतिबिंबं, पहिल्यांदाच समोरासमोर.

"तुम्ही वर काहीच बोलला नाहीत," मी म्हणाले.

"कामावर होतो."

"आणि आता?"

"आता सुटलो." त्याने माझ्याकडे पाहिलं, नीट, थांबून. "ते वाईट काम कोणतं?"

मी सांगितलं. वही, दोन शब्द, चार पाव, तलाव, सगळं. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "तिने तुम्हाला माफ केलं?"

"अर्धं."

"तेवढं खूप आहे."

"तिच्या त्या पाण्याच्या बोलण्यावर तुम्ही हसलात का?" हे मला विचारायचं नव्हतं. अजिबात विचारायचं नव्हतं.

"चांगली बोलते ती. हसू आलं."

"मला ते आवडलं नव्हतं."

"अजून?"

"अजूनही आवडलेलं नाही. आणि तिला रुमाल दिलात, तेही फारसं नाही. तिचं वागणं माझ्यापेक्षा सरळ आहे, तरीसुद्धा. आणि पुढे कधी ती काही बोलली आणि तुम्ही हसलात, तर मला बहुतेक तेव्हाही आवडणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर वहीत सापडायला नको."

आणि तो हसला. घशात नव्हे, तोंडभर, डोळ्यांपर्यंत. औषधवाल्याने आतून मान वर करून पाहिलं. तो हसतच राहिला, पेटीवर एक हात टेकून.

तिच्यासाठी हसला होता त्याच्या दुप्पट वेळ. मी मोजलं, आणि मोजल्याचं त्याला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.